चौकटीची डावी कड

८ सप्टेंबर २०२४, रविवार

चष्मा आणि कॅमेरा एका घरात नांदत नाहीत, हे आज लिहून ठेवतो. बारशाचं काम होतं. कॅमेरा डोळ्याला लावायचा तर चष्मा कपाळावर ढकला. फोटो कसा आला ते मागच्या पडद्यावर बघायचं तर चष्मा खाली ओढा. तासाभरात काचेवर घामाचे ओघळ आणि बाळाची आत्या हसू दाबत उभी. शेवटी चष्मा खिशात टाकला आणि सवयीवर काम उरकलं. फोटो चांगले आले. एका फोटोत आजोबांचा अर्धा चेहरा कापला गेला, पण तो म्हातारा सारखा हलत होता.

वय बावन्न, म्हणजे नंबर लागायचाच. पण आता गंमत करून चालणार नाही. केवळरामभाऊंनी त्यांच्या नाटक कंपनीच्या या सीझनचे सगळे फोटो मला दिले आहेत. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव नाटकं लागतात. त्याआधी गावची मंडळं इथे वडशाला येतात, कंपन्यांच्या ऑफिसांतून फिरतात आणि बॅनरवरचे चेहरे बघून कोणतं नाटक न्यायचं ते ठरवतात. बॅनर माझा. लग्नाचे फोटो लोक आता मोबाईलवर काढतात, पासपोर्ट फोटोवर दुकान चालत नाही. हे काम साधलं तर बाकीच्या कंपन्याही येतील. नाही साधलं तर रिना फोटो स्टुडिओला टाळं लावायचं आणि चाव्या पोरीच्या हातात द्यायच्या, एवढंच उरेल.

१३ सप्टेंबर

स्टेशनजवळ प्रफुलचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे कॅमेरा घेऊनच गेलो. म्हटलं, बाबा, वाचायचा चष्मा नको, फोटो काढायचा दे. त्याने भरपूर विचार केल्यासारखा चेहरा केला आणि वर लांबचं, खाली जवळचं, मध्ये रेघ नसलेली काच दिली. सगळं एकातच, काढघाल नाही.

घरी येऊन बघतो तर पायऱ्या हलतात. भिंतीची कड वाकडी. कॅमेरा डोळ्याला लावला की नजर काचेच्या खालच्या भागातून जाते आणि समोरचा माणूस धुरकट दिसतो. मग हनुवटी वर करायची, बांग देणाऱ्या कोंबड्यासारखी. बायकोने, कमलाने, एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. अंगणवाडीच्या पोरांना उद्या माझी नक्कल करून दाखवणार ती, मी ओळखून आहे.

१९ सप्टेंबर

आज स्कूटरवर मरता मरता वाचलो. फाटकाजवळ डावीकडून एक सायकलवाला अचानक समोर उपटला. त्याचं म्हणणं, तो कितीतरी वेळ माझ्या बाजूबाजूनेच चालला होता. त्याने मला आईबहिणीवरून शिव्या दिल्या, मीही उसनं ठेवलं नाही. 

प्रफुलने सांगितलंच होतं की या काचेची बाजू धूसर असते. म्हणजे दोष काचेचा. परत करणार.

कमला म्हणते, तुम्ही हल्ली दाराला खांदा मारून जाता. पावसाने दार फुगलं आहे, माझा खांदा नाही. त्यावर ती म्हणाली की मामाजी, म्हणजे माझे बाबा, पण शेवटी असेच चालत. बाबा सत्तरीत होते. म्हातारपणी दिसेनासं झालं आणि दारात बसून पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखायचे. माझी तुलना त्यांच्याशी कशाला? रागावून जेवलो नाही, मग भूक लागली म्हणून जेवलो.

२४ सप्टेंबर

दुसरा चष्मा; पहिला प्रफुलने परत घेतला नाही. या वेळी फक्त लांबचा नंबर. वाचायचा वेगळा, तो गळ्यात दोरीला. कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीशेजारी एक छोटं चाक असतं. चष्मा घालूनच ते फिरवत आतले आकडे स्पष्ट करून घ्यायचे, म्हणजे चष्मा काढायची गरज नाही. इतकी वर्षं त्या चाकाला मी हात लावला नव्हता. फ्रेम काळी, जाड, भारदस्त. उन्हात आपोआप काळी होणारी काच. आरशात बघितलं, नाटकातला पाटील दिसत होतो.

दुपारी बाजारात करून पाहिलं तर दोन खोड्या निघाल्या. उन्हात काच काळी झाली, त्यामुळे मागचा पडदा अंधारलेला दिसला. मी उजेड वाढवत गेलो आणि घरी येऊन बघतो तर भाजीवालीचा चेहरा पिठात बुडवल्यासारखा. म्हणजे रंग बदलणारी काच फोटोग्राफरने घेऊ नये. दुसरी खोडी फ्रेमची. ती इतकी जाड आहे की डोळा खिडकीपासून लांब राहतो आणि चौकटीचे कोपरे दिसतच नाहीत, विशेषतः डावीकडचे.

चष्मा काढूनही बघितलं. तरी कोपरे दिसले नाहीत. आतल्या काचेवर बुरशी धरली असणार, पावसाळ्यात धरतेच. उद्या साफ करतो.

२९ सप्टेंबर, रविवार

मुख्य फोटो झाला. कंपनीच्या ऑफिसमागच्या अंगणात सगळे कलावंत मेकअप करून एका रांगेत उभे केले. पायल, म्हणजे यंदाची नायिका, मधोमध. केवळरामभाऊ चंद्रपूरला गेले होते, त्यामुळे धाक दाखवणारं कोणी नव्हतं आणि सगळ्यांनी हैदोस घातला. एक येतो, एक पाणी प्यायला जातो. ऊन चढत होतं. मी घाईघाईने सात-आठ फोटो मारले. पायल अशी आली आहे की बघत राहावं.

रात्री कॉम्प्युटरवर काम केलं. डाव्या कडेला कोणाचा तरी हिरवा पदर आला होता, बघायला आलेल्या बायांपैकी कोणी असेल. कापून टाकला. मोबाईलवर भाऊंना पाठवला. उत्तर आलं, "मस्त. छापा."

५ ऑक्टोबर

बॅनर लागला. रस्त्यापलीकडे उभं राहून बघितला, लोक थांबून बघत होते तेही बघितलं. माझं नाव खाली बारीक आहे, पण आहे. रिनाला नागपूरला फोटो पाठवला. तिने दहा टाळ्या पाठवल्या आणि विचारलं, बाबा, चष्मा जमला का? म्हटलं, जमला.

९ ऑक्टोबर

आजचा दिवस पुसून टाकता आला असता तर बरं झालं असतं.

सकाळी केवळरामभाऊंचा निरोप आला, ताबडतोब या. गेलो तर ऑफिसात सुगंधाबाई बसलेल्या. झाडीत त्यांना ओळखत नाही असं गाव नाही. नाटकात खाष्ट सासू करतात आणि त्या आल्या की लोक आधीच हसायला लागतात. आज त्या कोणाकडे बघत नव्हत्या. भाऊंनी मला बॅनर दाखवून विचारलं, याच्यात सुगंधाबाई कुठी आहे?

नव्हत्या. मी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे बघितलं. नव्हत्याच.

आमच्याकडे बॅनरवर चेहरा नाही म्हणजे त्या माणसाने कंपनी सोडली, असाच अर्थ लावतात. चार गावची मंडळं येऊन बॅनर बघून परत गेली, सुगंधाबाई नाही तर नाटक नको म्हणाली. समोरच्या कंपनीचा माणूस काल त्यांच्या घरी जाऊन आला, म्हणाला, तुमाले तर यायनं काढलंच, आता आमच्याकडं या. त्या गेल्या नाहीत. पण रात्रभर झोपल्याही नाहीत, हे चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, तुम्ही त्या दिवशी आलाच नव्हता. त्या पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या.

"हरिदासभाऊ, डाव्या हाताले पहिलीच मी उभी होती. हिरवं लुगडं नेसून. थांबा म्हनून तुमाले हात केला."

हिरवा पदर.  पदर कापल्याचं मी सांगितलं नाही. चष्म्याची फ्रेम जाड आहे, कड दिसली नाही, एवढंच म्हणालो. तेही खरंच आहे. भाऊंनी हात जोडले आणि म्हणाले, दुसरा फोटो काढा, दुसरा बॅनर लावू, पण या वेळी चूक नको. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

११ ऑक्टोबर

प्रफुलकडे जाऊन भांडलो. तो गरीब ऐकत राहिला. मग तिसरा चष्मा केला आणि या वेळी कुठे काही उणं ठेवलं नाही. तारेची पातळ फ्रेम. नाकावरची दोन्ही बोंडं आत वाकवून घेतली, म्हणजे काच डोळ्याच्या अगदी जवळ बसते आणि डोळा खिडकीच्या जवळ जातो. काच लहान, साधी, रंग न बदलणारी. वर चमक न मारणारा लेप, त्याने मागचा पडदा स्वच्छ दिसतो. काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून कॅमेऱ्याच्या खिडकीला मऊ रबर. फोटोग्राफरने चष्मा घ्यावा तर असा, दुसऱ्या कोणाला सांगायची वेळ आली तर हेच सांगेन.

समोरचं इतकं लख्ख दिसतं की पलीकडच्या दुकानाची पाटी मी खालच्या ओळीसकट वाचून दाखवली. तरी डावी कड नाही. प्रफुलने माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"भाऊ, आता चष्म्यात करन्यासारखं काई उरलं नाई. एकदा डोळ्याच्या डॉक्टरले दाखवून घ्या."

काम जमलं नाही की दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं, ही दुकानदारांची जुनी खोड. आणि दाखवायला जायचं कसं? हरिदासला दिसत नाही, एवढी एक बातमी बाहेर पडली की वडशात मला कोणी दारात उभं करणार नाही. माझ्याकडचे उरलेसुरले चार लोकही जातील. घरी बसलो की भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. बाहेर पडलो की माणसं कुठूनही अंगावर येतात. काम सोडता येत नाही आणि धरवत नाही.

१६ ऑक्टोबर, चंद्रपूर

दरवर्षीप्रमाणे दीक्षाभूमीवर आलो. कमला, मी आणि नागपूरहून आलेली रिना. पांढऱ्या कपड्यांचा समुद्र होता. वंदना झाली, पुस्तकांचे स्टॉल फिरलो. बाबा मला खांद्यावर बसवून इथे आणायचे. त्यांची आठवण झाली.

मग कमला हरवली. आत्ता होती, आत्ता नाही. मी घाबरून हाका मारायला लागलो, लोक वळून बघू लागले. कोणीतरी माझा दंड धरला. कमलाच होती. ती हललीच नव्हती, माझ्या खांद्याला खांदा लावून चालत होती. मी म्हटलं, गर्दी किती आहे.  रिना आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

परतीच्या बसमध्ये कमलाने विचारलं, "काई लपवून राह्यले काय मायापासून?" मी झोपल्याचं सोंग केलं.

१९ ऑक्टोबर

दुसरा फोटो काढला. या वेळी रांगेत प्रत्येकाचं नाव पुकारून घेतलं आणि इतका मागे गेलो की माणसं मुंग्यांएवढी झाली. भाऊ कुरकुरले, मी म्हटलं नंतर मोठं करून देतो. सगळे आले, सुगंधाबाईही आल्या. जीव भांड्यात पडला. लोक पांगले. मी कॅमेरा पुसत होतो.

तेव्हा बाजूने आवाज आला.

"मी कवापासून हात हालवून राह्यली. दिसला नाई काय तुमाले?"

सुगंधाबाई माझ्या डाव्या बाजूला उभ्या होत्या. मी हसून म्हटलं, लक्ष नव्हतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला समोरच्या खिळ्याकडे बघायला लावलं, मान हलवायची नाही म्हणाल्या, आणि हात माझ्या कानापासून पुढे पुढे सरकवत आणला. कधी दिसला ते मी सांगायचं. मी दिसला म्हणालो तेव्हा हात जवळजवळ माझ्या नाकासमोर होता. उजवीकडूनही बघितलं. तिकडे बरं आहे, पण पूर्ण बरं नाही.

त्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या की त्यांना वाटत होतं, समोरच्या कंपनीकडून काही घेऊन मी त्यांना मुद्दाम कापलं. नाटकवाल्यांत असं होतं.

"तुमी मले पाह्यलंच नाई. हे त्याच्याऊन वाईट आहे, भाऊ. डोळे दाखवा. मी कोनाले सांगत नाई."

मी त्यांना नमस्कार केला आणि निघालो. स्कूटर ढकलत घरी आणली. कमलाला म्हटलं, पेट्रोल संपलं.

२२ ऑक्टोबर

लग्नाच्या फोटोंचं काम ठरवायला जातो असं कमलाला सांगून ब्रह्मपुरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. खोटं बोलायला मी आता सरावलो आहे.

एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून हनुवटी टेकवायची. समोर एक पिवळा ठिपका, त्याच्यावरून नजर काढायची नाही. इकडेतिकडे बारीक दिवे लुकलुकतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मनाशी ठरवलं होतं की एकही सोडायचा नाही, आणि सोडला नाही. दिवा लागला रे लागला की बटण. यंत्र मात्र जरा मंद होतं. मधूनमधून बराच वेळ काहीच दिवा लागायचा नाही, नुसती घरघर ऐकू यायची आणि मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघत बसायचो. बाहेर आल्यावर तिथल्या बाईंना सांगितलंही, तुमचं यंत्र मध्येच थांबतं. त्या म्हणाल्या, डॉक्टरसाहेब शनिवारी भेटतील, तेव्हा सांगतील.

परीक्षा चांगली गेली. बसमध्ये खिडकीशी बसून गरम भजी खाल्ली. किती दिवसांनी जिभेला चव आली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहायला बसलो आहे. जसं झालं तसं लिहितो.

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. मधे पांढरा डाग आणि भोवती सगळीकडे काळं, डावीकडे जास्त. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, हे तुमचं दिसणं. काळं आहे तिथेही दिवे लागत होते, तुम्हाला दिसले नाहीत. यंत्र थांबत नव्हतं.

काचबिंदू म्हणाले. मी म्हटलं, ऑपरेशन करून काढून टाका. ते म्हणाले, निघतो तो मोतीबिंदू, हा निघत नाही. गेलं ते परत येत नाही. उरलं आहे ते सांभाळायला रोज थेंब घालायचे, जन्मभर. घरात कोणाला होता का, विचारलं. मी नाही म्हणणार होतो आणि दारात बसलेले बाबा डोळ्यांसमोर आले. हो म्हणालो. मग मुलीचेही डोळे तपासून घ्या म्हणाले. 

मी प्रफुलचे तिन्ही चष्मे नेले होते. टेबलावर मांडले आणि विचारलं, यातला कोणता घालू? त्यांनी तारेचा उचलून पाहिला.

"चष्मा तुमचा उत्तम आहे. दोष चष्म्यात नव्हताच."

भर दुपारी घरी पोचलो. उन्हातून आत आलो तर घर थंड आणि रिकामं. कमला या वेळी अंगणवाडीत असते. खाटेवर बसलो. तिला काय सांगायचं त्याची तालीम करायला हवी होती, कारण माझ्या चेहऱ्यावरून ती सगळं वाचते. समोरच्या भिंतीकडे बघून मोठ्याने म्हणालो, नंबर थोडा वाढला आहे, घाबरायचं कारण नाही. आवाज फाटला. पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा "नंबर" एवढंच बाहेर आलं आणि मग रडू आवरेना. बाबा गेले तेव्हाही असा रडलो नव्हतो. कोणी ऐकत नव्हतं म्हणून तोंडावर हातही धरला नाही. रिनाचं नाव घेतलं. कॅमेरा विकावा लागेल म्हणालो. दिवाळीपर्यंत सांगणार नाही, दिवाळीपर्यंत सांगणार नाही, असं काहीतरी बडबडत राहिलो.

"नंबर वाढला म्हनून कोनी असं रडते काय?"

आवाज डावीकडून आला, अगदी हाताच्या अंतरावरून. खाटेच्या त्या टोकाला कमला बसली होती. अंगणवाडीला सुट्टी होती. मी आत आलो तेव्हाही ती तिथेच होती. माझा पाय तिच्या पायाला लागला आणि मी तसाच पुढे गेलो, तेव्हापासून ती श्वास धरून बसली होती, असं तिने नंतर सांगितलं.

मी मान वळवली, आणखी वळवली, तेव्हा ती दिसली.